हळदीचे जाते

मित्रांनो, वैशाखरे गावात वाल्मिकच्या पडवीत एक जुने जाते पडले आहे. ते मीच. दगडाला नीट सांगता येईल का, याची मला शंका आहे, तरी सांगते.

पाथरवटाने मला घडवले. मुरबाडच्या बाजारातून मी बैलगाडीने इथे आले. तांदूळ दळून माझे दात बोथट झाले, की पाथरवटाकडून छिन्नीने टाकी लावून, पुन्हा खरखरीत करून घेत. वाल्मिकच्या लग्नाची हळद माझ्यावरच दळली. नवरी सकुबाई, त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. बायकांनी मला आंब्याचा डहाळा बांधला. त्या मानाचा मला केवढा अभिमान!

पुढे हरेश झाला, धडधाकट. १९९१ मध्ये अनिता झाली. तिच्या पापण्या जन्मापासून जड. मोठी झाल्यावर ती दळायला बसे, आठ-दहा फेरे झरझर घाली, मग हात खुंट्यावरून गळून पडे. विसावली की पुन्हा तेच.

"काम दिसला का डोले मिटतेस गो!" सकुबाईचा भाऊ मंगळू हसे. "तमाशात सोंगाड्या कर हिला."

पोरीचा हात खोटा नव्हता, हे मला ठाऊक होते. पण सांगणार कसे?

२००५ साली मुंबईच्या डॉक्टरांनी तिचे रक्त तपासायला पाठवले. कित्येक महिन्यांनी कागद आला. हरेशने तो आईला समजावला.

"आई, नस सांगते ते स्नायूपर्यंत धड पोचत नाय. जनुकांची जोडी असते ना, तुझ्या जोडीत एक बिघडलेला, बाबांच्या जोडीतपण एक. दुसरा चांगला, म्हणून तुमी बरे. अनिताला दोन्ही बिघडलेलेच आले."

"माझा काय चुकला रे?"

"कुणाचाच नाय. तुमचा आजा एकच, म्हणून दोघांत आला."

दोन वर्षांनी हरेशचे लग्न ठरले, मंगळूच्याच मुलीशी, हर्षालीशी. धडधाकट दिसले तरी दोघांतही एकेक बिघडलेला जनुक असू शकतो, आधी रक्त तपासा, असे डॉक्टरांनी बजावले होते. मंगळू उसळला, "माझ्या पोरीला सुया टोचता? मामाची पोर हाय, बाजारातली कालवड नाय!" हरेशने तपासणीचा विषय सोडून दिला.

हळदीच्या दिवशी पुन्हा मला डहाळा बांधला. अनिता पुढे होऊन बसली. दहा फेरे झाले. हात गळला, पापण्या मिटल्या. तिने बोटाने एक पापणी वर धरली आणि मंगळूकडे पाहिले.

"मामा, हर्षालीची पोर अशीच बसली, तर तिलापण सोंगाड्या म्हनशील?"

मंगळूने मान खाली घातली. मी थांबले होते. असेच थांबून राहावे, असे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले.

"येळ टलतेय गो," असे म्हणत शेजारच्या बाळीने खुंटा धरला. आणि मी फिरले.

आता हर्षालीला दिवस गेले आहेत. सकुबाई माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबते.

मित्रांनो, थकलेल्या हाताला सोंग म्हणू नका. आणि घरात असे दुखणे असेल, तर हळद माझ्या तोंडात घालण्याआधी रक्त तपासा. खुंट्याला हात लागल्यावर मला थांबता येत नाही.