ग्रॅमबाईंचं पाणी

मास्तरांच्या नारिंगी पावडरीला नावं ठेवायची नाहीत, हा त्या सायकल क्लबचा न लिहिलेला नियम होता. लिहिलेले नियम सतरा होते आणि ते कोणी पाळत नसे. हा एक मात्र सगळे पाळत. दर रविवारी पहाटे मास्तर स्वतः पिंपात पावडर ढवळत, प्रत्येकाची बाटली स्वतःच्या हाताने भरत, आणि रांगेतला जो तो ते गोडमिट्ट पाणी तोंड वाकडं न करता घशाखाली ढकलत असे. मास्तरांनी तरुणपणी मोठमोठ्या शर्यती मारलेल्या. त्यांच्यापुढे बोलणार कोण?

ग्रॅमबाई बोलल्या. त्याचीच ही गोष्ट.

बाईंचं खरं नाव क्लबात कोणाला ठाऊक नव्हतं. कापड रंगवायच्या कारखान्याच्या लॅबमध्ये त्या बावीस वर्षं होत्या. गिऱ्हाइकाने कापडाची चिंधी पाठवली की तिच्यावरचा रंग हुबेहूब जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे झाला की पाचशे मीटर कापडाचं वाटोळं. त्यामुळे बाईंना मोजल्याशिवाय चैन पडत नसे. घरीसुद्धा मीठ काट्यावर. "हिने मलासुद्धा आधी वजन करूनच पसंत केलं," असं त्यांचे यजमान आल्यागेल्याला सांगत, आणि बाई म्हणत, "तेव्हा बासष्ट किलो होता. आता बघा."

गेल्या वर्षी बाई दोनशे किलोमीटरच्या फेरीला उतरल्या होत्या. सकाळी सहाला निघायचं, साडेतेरा तासांत परत यायचं. वय एकोणपन्नास. एकशे चाळीसपर्यंत सगळं झकास चाललं होतं, आणि मग पोटात ढवळलं. रस्त्याच्या कडेला चारदा ओकल्या, चारही वेळा नारिंगी. शेवटी मास्तरांच्या गाडीत बसून यावं लागलं. नोंदवहीत नावापुढे 'माघार' लागलं. तेवढंही बाईंनी गिळलं असतं. पण संध्याकाळी सगळ्यांच्या देखत मास्तर म्हणाले, "पोटाला कशाला दोष देता, बाई? मन कच्चं आहे तुमचं."

मन कच्चं! नवऱ्याचं पोट फाडलेलं असताना दवाखान्याच्या बाकावर बसून ज्या बाईने गडद निळ्याच्या सात छटा जुळवून दिल्या, तिचं मन कच्चं! बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, कारण तोंड उघडलं असतं तर पाचव्यांदा झालं असतं. पण ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं ते लागलंच.

मग त्यांनी काय केलं? जे लॅबमध्ये करतात तेच. एक वही घेतली, आणि दर रविवारी क्लबाबरोबर न जाता एकट्या निघाल्या. दर वेळी पाणी वेगळं. एका रविवारी फक्त साखरपाणी. दुसऱ्या रविवारी तेच, पण लिटरला दोन ग्रॅम मीठ. मग लिंबू. मग सफरचंदाचा रस, तो पोटात गडगडला. मग गॅस काढलेलं कोलाचं सरबत, त्याने तासभर पंख फुटले आणि नंतर हातपाय गळाले. दुधाच्या रविवारबद्दल बाई बोलत नसत. सतराव्या रविवारी जमलं: कोरा चहा गार करून, लिटरला साठ ग्रॅम साखर, दोन ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. आणि एक गोष्ट अशी कळली, जी मास्तरांना चाळीस वर्षांत कळली नव्हती. दीडशे किलोमीटरच्या पुढे बाईंच्या जिभेला गोडाचा वीट येई. मग कितीही चांगलं साखरपाणी द्या, घसा दार लावून घेई. तिथे हवं होतं खारट काहीतरी. बटाटे उकडले, त्याच पाण्यात कुस्करून पातळ केले, वर मीठ. दिसायला भिंतीला लावायच्या चुन्यासारखं. पण पोटात असं जाऊन बसे की जणू तिथलंच आहे.

"वहिनी, हे तू पिणार?" त्यांच्या नणंदेने विचारलं होतं. नणंद शाळेत इतिहास शिकवायची, वरच्या मजल्यावर राहायची, आणि भावजयीच्या प्रत्येक उद्योगात नाक खुपसायची.

"पिणार. आणि तुम्ही मला थांब्यावर आणून देणार, वन्सं."

"म्हणजे आता मी बटाट्याची वाहतूक करायची!" असं म्हणत नणंदेने त्याच दिवशी गाडीत हवा भरून घेतली.

बाईंच्या वहीची गोष्ट क्लबात पोचायला किती वेळ लागणार? फेरीच्या आठवडाभर आधी मास्तरांनी अठरावा नियम लिहून भिंतीला चिकटवला: गटातून जायचं असेल तर क्लबचंच पेय. घरचं काही प्यायचं असेल त्याने एकट्याने जावं.

सायकलवाल्यांनाच याचा अर्थ कळेल. गटात पुढे असेल तो वारा अंगावर घेतो आणि मागचे त्याच्या आडोशाने जातात. पाळीपाळीने सगळ्यांना विसावा. एकट्याने जायचं म्हणजे दोनशे किलोमीटरचा सगळा वारा एकाच छातीवर. मास्तरांनी बाईंना बाहेर काढलं नव्हतं. फक्त दार उघडं ठेवून वारा आत सोडला होता.

फेरीच्या दिवशी सकाळी पावणेसहाला रांग लागली. मास्तर बाटल्या भरत भरत बाईंपाशी आले.

"द्या बाटली."

"भरलेली आहे, मास्तर."

"कशाने?"

"चहाने."

रांगेत खसखस पिकली. मास्तरही हसले. "ग्रॅमबाई, हट्ट सोडा. एकट्याने तुम्हाला वेळेत जमायचं नाही. परत गाडीत बसून याल आणि परत पोटाचं नाव सांगाल."

"गाडीत बसणार नाही," बाई म्हणाल्या, आणि सायकल हाताने ढकलत रांगेबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. 

पहिले शंभर किलोमीटर छान गेले. गट कधीच पुढे निघून गेला होता. वारा तोंडावर होता, पण अंगावर येईल असा नव्हता. बाई दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घेत, दर तासाला एक पाव खात. पावणेबाराला पहिल्या थांब्यावर पोचल्या, तर नणंद घड्याळ हातात घेऊन उभी. तिने दोन्ही रिकाम्या बाटल्या घेतल्या, डब्यातल्या बाटल्यांतलं पेय त्यांत ओतून झाकणं लावली आणि भावजयीच्या पाठीवर थाप मारली. "पळ. बटाटे एकशे साठला."

एकशे बाराव्या किलोमीटरला, मोठा चढ संपल्यावर, बाईंनी बाटली तोंडाला लावली. घसा कोरडा पडला होता, म्हणून एका दमात निम्मी संपवली. चव कळेपर्यंत उशीर झाला होता. काकवीसारखं गोड आणि समुद्रासारखं खारट. बाई कशाबशा उतरून रस्त्याच्या कडेला ओणव्या झाल्या, आणि सगळं बाहेर आलं.

तर झालं होतं असं. लॅबमध्ये कुठलंही द्रावण आधी पाचपट गाढं करून ठेवतात. त्याला म्हणतात स्टॉक. वापरताना एकाला चार भाग पाणी घालायचं. आणि स्टॉकच्या बाटलीला लावतात लाल रबर, म्हणजे कोणी चुकून तसंच वापरू नये. बावीस वर्षांत बाईंना हे कोणाला सांगावं लागलं नव्हतं. लाल रबर म्हणजे स्टॉक, हे लॅबमध्ये झाडूवालीलासुद्धा माहीत. आदल्या दिवशी डब्यात जागा पुरेना, म्हणून बाईंनी चहाचा स्टॉक केला, बाटल्यांना लाल रबर लावलं आणि नणंदेला म्हणाल्या, "लाल रबरवाल्या पहिल्या थांब्याला." बस्स. इतिहासाच्या बाईंनी लाल रबराचा अर्थ लावला: हे आधी द्यायचं.

बाई ओणव्याच असताना क्लबची गाडी मागून आली. आत मागच्या सीटवर क्लबातला एक बँकवाला गडी डोळे मिटून पडला होता, त्याच्या मिशीला नारिंगी लागलेलं. मास्तर उतरले. बाईंकडे बघितलं, रस्त्यावरच्या ओकारीकडे बघितलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आवाजात दयाच होती. ती जास्त झोंबली.

"बसा, बाई. जीवापेक्षा का सायकल मोठी आहे? झालं ते झालं. पुढच्या वर्षी मन घट्ट करून या."

बाईंना रडू आलं. अगदी खरंखुरं, नाक वाहणारं रडू. सतरा रविवार! घरी माणसं उठायच्या आत निघून केलेले सतरा रविवार, आणि पुन्हा तसाच रस्ता, तसंच पोट, तीच गाडी, उघडं दार. क्षणभर त्यांना वाटलं, बसावं. कदाचित मास्तरांचंच खरं असेल. कदाचित आपण आयुष्यभर रंगच जुळवावेत.

मग त्यांनी बाटलीचं झाकण उघडून आत बोट बुडवलं आणि चाटलं. परत चाटलं. साखर, मीठ, लिंबू, चहा. सगळं जिथल्या तिथे, फक्त पाचपट. नाक पुसत त्या उठून उभ्या राहिल्या.

"मास्तर, हे मन नाही. हा स्टॉक आहे."

"काय?"

"पाणी घालायचं राहिलं. माझी चूक. लेबल लावलं नाही. तुम्ही जा."

"बाई, तुमचे पाय लटपटतायत!"

"लटपटू देत. माझेच आहेत."

मास्तरांनी गाडीचं दार जोरात लावलं आणि गेले.

पन्नास पावलांवर रोपवाटिका होती. बाईंनी सायकल ढकलत आत नेली आणि माळीबुवांना विचारलं, "प्यायचं पाणी आहे? आणि एखादं भांडं?" माळीबुवांनी बाईंचा अवतार बघितला आणि काही न विचारता फळीवरची कोरी झारी काढून, धुऊन दिली. बाईंनी त्यात स्टॉक ओतला, बाटलीनेच मोजून चौपट पाणी घातलं, काठीने ढवळलं, चाखलं. बरोबर. दोन्ही बाटल्या भरून झारीत बरंच उरलं.

"हे झाडांना घालू?" माळीबुवा म्हणाले.

"नका, मीठ आहे. तुम्ही प्या."

माळीबुवांनी घोट घेतला. "बरं लागतंय की," ते म्हणाले, आणि बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. पण लगेच निघता येईना. पोट निवेपर्यंत बाकावर बसून राहावं लागलं, चमचा चमचा घेत. घड्याळात दीड वाजला.

पुढचं सगळं वाऱ्याशी भांडण होतं. दर दहा मिनिटांनी एकच घोट. दुखणारे गुडघे, पेटलेले तळपाय, आणि तोंडाने अखंड पुटपुट, "ये, अजून ये, बघते तुझ्याकडे." ट्रकवाले वळून बघत होते. पाचला एकशे साठच्या थांब्यावर पोचल्या, तर नणंद ओक्साबोक्शी रडत समोर आली. क्लबच्या गाडीतल्यांकडून तिला सगळं कळलं होतं.

"वहिनी, माझ्यामुळे गं! मी तुला मारलंच असतं!"

"वन्सं, लेबल माझं राहिलं. रडणं नंतर. बटाटे आणा."

चुन्यासारखं ते पातळ बटाट्याचं पाणी बाईंनी उभ्याने प्यायलं, मग उरलेलं बाटलीत भरलं. शेवटच्या चाळीस किलोमीटरना अडीच तास होते. आणि पोटाने साथ दिली हो! खारट घोट आत गेला की पाय फिरत होते, घोट गेला की पाय फिरत होते. ओकारी नाही, ढवळणं नाही. गेल्या वर्षी ज्या टप्प्यात बाई गाडीच्या खिडकीला डोकं टेकून होत्या, तो टप्पा त्यांनी हँडलवर वाकून, दात ओठ खात पार केला.

सकाळी निघाल्या त्याच कमानीखाली उतरल्या तेव्हा सात वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. वेळ साडेसातला संपली होती.

नणंद धावत आली, पण तिच्या आधी मास्तर बोलले. सगळा गट कोंडाळं करून उभा होता. "सहा मिनिटं. मी सकाळीच सांगितलं होतं. शेवटी सगळा खेळ मनाचा—"

"मास्तर," बाई म्हणाल्या. सायकलला टेकूनच उभ्या होत्या, नाहीतर पडल्या असत्या. "मन कच्चं असतं ना, तर दुपारीच तुमच्या गाडीत बसून आले असते. वेळेच्या बऱ्याच आधी."

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. बाई टेबलापाशी गेल्या. तिथले नोंद करणारे गृहस्थ वही मिटायच्या बेतात होते. त्यांनी बाईंचं नाव शोधलं आणि पट्टी घेतली.

"हे काय करताय?"

"उशिरा येणाऱ्यांपुढे आडवी रेघ मारतो आम्ही."

"रेघ नको. वेळ लिहा."

"निकालात धरत नाहीत, बाई."

"धरू नका. पदकही नको. पण मी आलेय. माझ्या पायांनी, माझं पाणी पिऊन आलेय. ते लिहा."

गृहस्थांनी मास्तरांकडे बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघता? सायकल मी चालवली."

गृहस्थांनी पट्टी बाजूला ठेवली. पेनचं टोपण काढलं. बाईंचा घामाने खारवलेला चेहरा, टेबलावर टेकलेले दोन्ही हात बघून त्यांना कसंसंच झालं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "तेरा तास तीस लिहून टाकू का? कोण बघतंय?"

"छत्तीस," बाई म्हणाल्या. "सगळीच्या सगळी लिहा. एकेक मिनिट चालवलंय मी."