उसनं हाड

एकोणीसशे सत्त्याण्णव सालातली ती दुपार. अण्णा पॉलिशच्या चाकावर कुणाची तरी कवळी घासत उभे होते, तेवढ्यात दार ढकलून बसस्थानकावरच्या बाई आत आल्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातानं तोंडावर रुमाल. चाक थांबेपर्यंत त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मग पर्समधून आपली वरची जुनी कवळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"अण्णा, ही आतून जरा कोरून द्या. बसत नाही."

"बसणार कशी? बसवायचीच नाहीये," अण्णा म्हणाले. "सहा महिने वर काही घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय ना? अजून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, ताई."

"त्यांना विचारलं तर त्या नाहीच म्हणणार. म्हणून तर तुमच्याकडे आले."

अण्णा दातांचे डॉक्टर नव्हते. ते दात बनवायचे. दवाखान्यांतून मापं यायची, ते प्लास्टरचा जबडा ओतायचे, मेणात एकेक दात लावायचे. बाईंची पहिली कवळीही त्यांनीच केली होती. तेव्हा बाई अवघ्या सव्वीस वर्षांच्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर हिरड्यांत पू झाला आणि वरचे सगळे दात काढावे लागले. नवरा तेव्हा बदलीच्या गावी होता. तो घरी आला तोवर बाईंच्या तोंडात नवे दात होते. ते खोटे आहेत हे त्याला ठाऊक होतं, पण त्यांच्याशिवायचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही. बाईंनी पाहूच दिलं नाही. रात्री काढून पाण्यात ठेवा, हिरडीला विसावा द्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या न्हाणीघराला कडी लावून दात धुवायच्या आणि ओले तसेच परत घालायच्या. चोवीस वर्षं, दिवसरात्र.

तेवढ्या वर्षांत वरच्या जबड्याचं हाड झिजून अंड्याच्या टरफलाइतकं पातळ उरलं. कवळी धरणार कशाला? बाई बसस्थानकावर घोषणा द्यायच्या. निम्म्या गावानं त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, पण आवाज पोराटोरांना पाठ होता. एक दिवस "फलाट क्रमांक" एवढं म्हणून झालं आणि कवळी मेजावर पडली. ती खडखड माइकनं साऱ्या स्थानकाला ऐकवली. लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून बाईंना आतल्या खोलीत कागद लावायला बसवलं.

गावात नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा त्यांना धीर दिला. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून वरच्या जबड्याला बारीक स्क्रूंनी जोडायचा. सहा महिने दाब न पडता तो तिथं रुजला की त्यात धातूच्या खुंट्या बसवायच्या आणि खुंट्यांवर कायमचे दात. गावात असं कुणी केलं नव्हतं. बाई महिनाभर लंगडत चालल्या, स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पेज प्यायल्या, पण हूं की चूं केलं नाही.

"शनिवारी ह्यांचा निरोपसमारंभ आहे," बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षांची नोकरी. मी शेजारी रुमाल धरून बसू?"

"बसा की. नवी नवरी नाही का पदर धरून बसत?"

"नवी नवरी पन्नाशीची नसते, अण्णा." त्या हसल्या, आणि हसताना रुमाल आणखी घट्ट धरला. "दोनच तास. रविवारी सकाळी तुमच्या हातात आणून देते."

जी बाई चोवीस वर्षांत झोपेतसुद्धा दात काढत नाही, ती दोन तासांनी काढेल? अण्णांना उत्तर माहीत होतं. पण त्यांचा आपल्या हातावर फार भरवसा. आपण इतकी अलगद कोरू की हाडाला वारासुद्धा लागणार नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं. त्यांनी कवळी आतून कोरली, मऊ अस्तर लावलं, आणि बाईंनी तिथल्या तिथे पाठ फिरवून ती घातली.

रविवारी बाई आल्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. अण्णाही मागायला गेले नाहीत.

सहा महिने भरल्यावर, खुंट्या बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांना बाईंच्या जबड्याचा साचा घेऊन दवाखान्यात बोलावलं. हिरडी उघडली आणि डॉक्टर थबकल्या. जोडलेलं हाड नव्हतंच. दोन सैल स्क्रू तेवढे दिसत होते, आणि जुनं टरफलही एका जागी फुटलं होतं.

"तुम्ही मध्ये कवळी घातली होती का?"

बाईंनी मान हलवली. नाही. मग त्यांचे डोळे अण्णांकडे वळले. अण्णा हातातल्या प्लास्टरच्या जबड्याकडे बघत राहिले.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर हातमोजे न काढताच बाकावर बसल्या. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. "माझंच चुकलं, अण्णा. मला हे येत नाही, आणि मी एका माणसाची कंबर फोडली."

"तसं नाही, डॉक्टर."

"मग कसं?"

आता सांगावं तर बाई खोट्या पडणार, आणि आपल्याला काम कोण देणार? अण्णांनी साचा कागदात गुंडाळला आणि घरची वाट धरली.

डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पुन्हा केली नाही. त्याच वर्षी झिजल्या जबड्याची आणखी तीन माणसं आली; तिघांनाही त्यांनी हात जोडून परत पाठवलं. अण्णा मनाचा हिय्या करून सांगायला गेले, तोवर दवाखान्यावर दुसरी पाटी लागली होती. त्या कुठल्याशा लांबच्या गावी दात भरण्याचं आणि उपटण्याचं काम करतात, एवढंच पुढे कानावर आलं.

बाईंचे यजमान निवृत्तीनंतर सहा वर्षं जगले. समारंभाचा फोटो त्यांनी बैठकीत लावला होता. त्यात बाई तोंडभर हसत होत्या.

हाड फुटून बाईंच्या टाळूला पडलेलं भोक बुजलं नाही. चहाचा घोट नाकातून यायचा. अण्णांनी त्यांना आणखी पाच कवळ्या करून दिल्या. प्लास्टरवर पाचही नेमक्या बसायच्या, तोंडात एकही नाही. अंगठ्यानं दात वर दाबून धरत बाई म्हणायच्या, "तुमचा काय दोष, अण्णा?" ते ऐकण्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं. यजमानांमागे त्या चार वर्षांनी गेल्या.

अण्णांनी सत्तरीत काम बंद केलं. पुढे त्यांचेही दात एकेक करून गेले. सून म्हणायची, "मामंजी, साऱ्या गावाला दात दिलेत, स्वतःला का नाही?" ते दुपारी ओट्यावर बसून पाण्यात भिजवलेला पाव खात, आणि रस्त्यानं कुणी ओळखीचं गेलं की तोंडावर हात न धरता त्याच्याकडे बघून हसत.