डबा रिकामा पाठवू नये

राजधानीत, सोलमध्ये, सरकार बदललं आणि नव्या सरकारला पहिल्याच थंडीत शोध लागला, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे फार लाड होतायत. अर्थात तसं कोणी म्हटलं नाही. 'खऱ्या गरजूंपर्यंत पोचणं' असं त्याला छान नाव दिलं होतं. पण बंदरावरच्या आमच्या टेकडीवर जी संस्था रोज दुपारी म्हाताऱ्यांना डबे पोचवायची, तिचं अनुदान एक तृतीयांश कापलं गेलं. कोणाचे डबे बंद करायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, असा नगरपालिकेतून निरोप आला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं बरं असतं. कोणती शेळी कापायची ते खालच्याने बघायचं.

खालची म्हणजे बांग उन-सिल. संस्था तीच चालवायची. बाई वाईट नव्हती. तिने आधी स्वतःचा पगार अर्धा केला, मग डब्यातलं मांस बंद केलं, मग ऑफिसातला हीटर. पण दात कोरून पोट भरत नाही. शेवटी माणसंच कमी करायची वेळ आली. बाकीच्यांचं कसंबसं ठरलं, आणि एका डब्यासाठी दोन नावं उरली. एक ओ-बोंग आजोबा, दुसऱ्या गोक-सुन आजी. दोघं ऐंशीच्या पुढचे, दोघं एकटे, दोघांच्याही मुलांनी कधीच पाठ फिरवलेली.

डबे पोचवायला जोंग-गिल काका जायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस, निवृत्तीनंतर संस्थेची गाडी चालवत होता. उन-सिलने त्यांना विचारलं, "ओ-बोंग आजोबांचा डबा परत कसा येतो हो?"

"खरकटा. शितं वाळून चिकटलेली. कधी आत सिगारेटची थोटकं. म्हाताऱ्याला लाज म्हणून नाही."

"आणि गोक-सुन आजींचा?"

"तो घासून लख्ख. शिवाय रिकामा कधीच नाही. काल उकडलेली रताळी होती, त्याआधी संत्रं. तुम्हीच तर खाल्लंत."

तिनेच खाल्लं होतं. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर तीळ घालतात, पण घालतात. उन-सिलच्या आईने हे तिला चमच्याने भरवावं तसं शिकवलं होतं. तरीही त्या दिवशी तिच्या मनात आलं, की जी बाई रोज देऊ शकते तिच्या घरात काहीतरी असणारच. नव्या नियमांत 'इतर आधार' म्हणून एक कलम होतं. गोक-सुन आजींना तो आहे असं तिने ठरवलं आणि त्यांचा डबा बंद केला. चोर सोडून संन्याशाला सुळी! पण तेव्हा तिला वाटलं, आपण मन घट्ट करून न्याय केला.

ऊब टिकवणारे ते डबे सरकारी पैशातून घेतलेले. तपासणी येणार म्हणून बंद झालेल्यांकडचे परत आणायचे होते.

"काका, गोक-सुन आजींचा डबा तेवढा घेऊन या ना."

"मी नाही जाणार," जोंग-गिल काका म्हणाले. "इतकी वर्षं या हाताने दिला, आता याच हाताने काढून आणू? नाव तुम्ही काढलंत, तुम्हीच जा. मी गाडीपाशी थांबतो."

"तुम्ही त्यांना सांगितलंत ना, का बंद झाला ते?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "काही दिवस बंद आहे म्हटलं."

म्हणजे सांगायचंही तिच्याच वाट्याला आलं. टेकडी चढताना उन-सिलने वाक्यं जुळवली. धोरण, अनुदान, आमचा नाइलाज. सगळी खरी होती, आणि म्हणूनच तिला ती आवडत होती.

गोक-सुन आजींनी दार उघडलं आणि तिला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ये ग बाई. इथे बस, या विजेच्या चादरीवर. तेवढंच गरम आहे."

खोलीत लसणाचा इतका वास होता की डोळे चुरचुरले. भिंतीला लसणाची पोती टेकलेली, मध्ये परात, परातीत सोललेल्या पाकळ्या. आजींच्या बोटांची टोकं लाल, सुजलेली, नखांच्या कडा फाटलेल्या.

"आजी, हे काय?"

"बाजारातल्या भाजीवालीचा. सोलून दिला की ती रताळी देते, कधी संत्री. डब्यात घालायला बरी पडतात." मग हात पदराआड घ्यावेत तसे त्यांनी ते स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. "त्या एका दिवशी चुकलंच माझं. हात इतके सुजले होते की सोलवेना. डबा तसाच रिकामा गेला. सोमवारी तुमचा माणूस काही दिवस बंद आहे म्हणून सांगून गेला, तेव्हाच समजले मी. रागावलीस ना?"

जुळवलेल्यातलं हाताला लागलं ते वाक्य उन-सिलने पुढे केलं.

"नाही हो आजी. सरकारने पैसे कमी केले."

"सरकारला काय माझा डबा ठाऊक? मला बरं वाटावं म्हणून बोलतेस." आजी उठल्या. कोपऱ्यातला डबा त्यांनी पुढे आणून ठेवला. तो जड होता. आत गरम रताळी होती, वर कागदात बांधलेले भाजलेले तीळ. "आता चुकायची नाही. उद्यापासून पाठवशील?"

इथे गप्प बसली असती तर चाललं असतं. आजी आयुष्यभर स्वतःला बोल लावत राहिल्या असत्या, आणि ही सरकारला. उन-सिलला ते जमलं असतं, हेच तिला भयंकर वाटलं.

"आजी, तुमचा डबा मी बंद केला. त्या दिवशीच्या आधीच ठरलं होतं. एकाला ठेवायचं, एकाला काढायचं होतं. तुम्ही रोज काही ना काही पाठवत होतात. मला वाटलं, तुमच्याकडे असेल."

आजींनी रताळ्यांकडे बघितलं. "म्हणजे रिकामा पाठवत राहिले असते तर?"

"तर तुमचं नाव राहिलं असतं."

आजी रागावल्या असत्या तर उन-सिलला सोपं गेलं असतं. त्यांनी डबा स्वतःकडे ओढला. एकेक रताळं काढून पातेल्यात ठेवलं. तिळाची पुडी उघडून पुन्हा बरणीत ओतली. मग ओल्या फडक्याने डबा आतून पुसला, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"घे. रिकामा आला म्हणून सांग वरच्यांना."

हे म्हणताना त्यांची मान वर झाली नाही. ऐंशी वर्षांत त्यांनी कोणाच्या हाती रिकामं भांडं दिलं नव्हतं, तो एक दिवस सोडून. आणि त्याची त्या आत्ताच माफी मागत होत्या. उन-सिलला डबा घ्यावा लागला. तिला रडू आलं, पण त्या खोलीत रडायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून ती तशीच उठली. तिच्या मागे आजी परातीपाशी बसून पुन्हा लसूण सोलायला लागल्या होत्या.

खाली गाडीपाशी जोंग-गिल काकांनी हात पुढे केला. सवयीने त्यांचा अंगठा झाकणाच्या खिट्टीवर गेला.

"आज काय पाठवलंय म्हातारीने?"

उन-सिलने डबा त्यांच्या हाती दिला नाही. तो मांडीवर घेऊन ती गाडीत बसली आणि संस्थेपर्यंत दोन्ही हातांनी झाकण दाबून राहिली.