सुरात लावलेलं चाक

मित्रांनो, सायकलच्या मागच्या चाकाची जुनी रिम आहे मी. स्वस्थ बसणं मला जमत नाही, आणि त्यात माझा दोष नाही. कारखान्यात मी एक सरळ, शहाणी पट्टी होते. मला वाकवून माझं तोंड माझ्याच शेपटीला जोडलं. तेव्हापासून मी निघालेलीच आहे, पोहोचलेली कुठेच नाही.

पुढच्या रिमला घंटी, दिवा, हँडल असा झकास शेजार मिळाला. माझ्या वाट्याला कॅरियर आला आणि त्यावर मालकीणबाईंची जड पिशवी. बाई दवाखान्यात नर्स होत्या. रोज सकाळी आम्ही एक लांब उतार उतरून तिकडे जायचो. उतार संपतो तिथे मोठा रस्ता आडवा जातो, आणि त्यावरचे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत.

बाईंचे यजमान वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांना सायकल येत नव्हती, पण तिची निगा त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली होती. सुट्टीच्या दिवशी ते सायकल उलटी करत, डोळे मिटून माझा एकेक स्पोक छेडत, आणि एखादा उतरलेला वाटला की चावीने पिळत. सगळे एका सुरात वाजले की मान डोलवत.

"चाक कसलं, वाद्य आहे हे."

"मला ड्युटीवर जायचंय, मैफलीला नाही," बाई म्हणत.

कौतुक कुणाला नको असतं? मीही ऐटीत वाजायचे. पण इतके पिळलेले स्पोक मला आतून ओढत. त्यात प्रत्येक फेरीत ताण जरा सैल, जरा घट्ट, पुन्हा सैल. तार एकाच जागी वाकवत राहिलं की शेवटी तुटते ना, तसंच माझं होत होतं. एक दिवस एका स्पोकच्या भोकाशी मला केसाएवढी चीर पडली.

चीर पडली तसा तो स्पोक ढिला झाला. यजमान थबकले. "हा उतरलाय." पिळला. चीर वाढली, स्पोक पुन्हा उतरला. "आळशी आहे लेकाचा," म्हणून त्यांनी आणखी पिळला.

मी जीव तोडून सांगत होते. पण मला एकच शब्द येतो, 'टक', आणि तोही फेरीला एकदाच. बाई दारात येताना यजमानांनी तो ऐकला.

"बघ, आता ठेकाही धरते."

माझी झोप उडाली. रिमला झोप नसते हे मला मान्य आहे, तरी उडाली. रोज उतार दिसला की मी मनात म्हणे, आज नको. उद्याही नको.

मग एका सकाळी उताराच्या तोंडाशी मी चिरेपाशी फुगून ब्रेकला घासू लागले. बाई उतरल्या.

"काय गं, कुठे दुखतंय?" त्यांनी पेशंटला विचारतात तसं विचारलं आणि माझ्यावरून बोट फिरवलं. बोट चिरेत अडकून कापलं. त्यांनी आधी रक्त पाहिलं, मग चीर, मग खालून जाणारे ट्रक. पिशवीतून दोन चिकटपट्ट्या काढल्या. एक बोटाला लावली, एक मला. आणि सायकल हातात धरून चालत उतार उतरल्या.

संध्याकाळी त्यांनी यजमानांचं बोट धरून चिरेवर ठेवलं.

"अहो, तो सारखा का उतरतोय, हे एकदा तरी बघायचं होतं."

"मला वाटलं, आळशी आहे."

"त्याच्या पायाखालची जमीन फाटत होती."

यजमानांनी चिरेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "आणि तू रोज त्या उताराने..."

नव्या रिमचे स्पोक आता सायकलवाला आवळतो. यजमान फक्त फडकं घेऊन बसतात आणि एकेका भोकाभोवती बोट फिरवतात. मी त्यांच्या वाद्यांच्या दुकानात खिळ्यावर असते. वारा आला की अर्धी गिरकी घेते. गिऱ्हाईक विचारतं, "हे कुठलं वाद्य?"

"मी जरा जास्तच चांगलं लावलेलं," यजमान म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या सायकलच्या रिमवरून अधूनमधून फडकं फिरवा, भोकांभोवती नीट बघा. आणि कुणी पुन्हा पुन्हा ढिलं पडत असेल, तर पिळण्याआधी कुठे दुखतंय ते विचारा.

बाईंच्या बोटावरची पट्टी केव्हाच निघाली. माझी अजून आहे. बरं वाटायची वाट बघतेय, स्वस्थ बसून मात्र नाही.