दाराकडे तोंड केलेल्या चपला

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या घराच्या दारात शनिवारी दुपारी नरेंद्रचे बूट दिसले की डॉक्टर हेमचंद्रांच्या कपाळाला आठी पडायची. बुटांत वावगं काही नव्हतं. पण नरेंद्र ते काढल्यावर वळवून, तोंड दाराकडे करून ठेवायचा. जपानात तशी पद्धत आहे म्हणे. वीस वर्षांपूर्वी कंपनीने त्याला चार महिने क्योटोला धाडलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. इतकी वर्षं हेमचंद्रांचं आठीवर भागलं होतं. त्या शनिवारी मात्र ते लायब्ररीतून परतले आणि पाहतात तो नरेंद्रच्या बुटांना लागून कांचनच्या चपलाही तशाच, दाराकडे तोंड करून जोडीने ठेवलेल्या.

लग्नाला चाळीस वर्षं होत आली. कांचनने चपला कधी अशा ठेवल्या नव्हत्या. हेमचंद्रांनी आपले बूट जरा लांबच काढले.

आत डायनिंग टेबलावर नरेंद्रचा लॅपटॉप उघडा होता, भोवती छापून आणलेले कागद, आणि त्यांवर दोन डोकी वाकलेली. नोव्हेंबरात पुण्याला पुतण्याचं लग्न होतं. या खेपेला जपानवरून जायचं ठरलं होतं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काय हवं, असं हेमचंद्रांनी विचारलं तेव्हा कांचन म्हणाली होती, "मला क्योटोत दोन रात्री राहायचंय. हॉटेलात नाही, रिओकानमध्ये." रिओकान म्हणजे तिथलं जुन्या चालीचं मुक्कामाचं घर. जमिनीवर गवताच्या चटया, कागदाच्या सरकत्या भिंती, बैठ्या मेजावर जेवण, आणि निजायला खाली अंथरलेली गादी. हे खूळ तिच्या डोक्यात कुणी भरवलं ते उघडच होतं. चार वर्षांपूर्वी नरेंद्रची बायको शोभना वारली, तेव्हापासून तो दर शनिवारी चहाला यायचा, आणि त्याच्या गप्पा फिरून फिरून जपानवर यायच्या.

"या डॉक्टर," नरेंद्र म्हणाला. "वहिनींना हे स्टेशनजवळचं दाखवतोय. आठच खोल्या आहेत. एक म्हातारा-म्हातारी चालवतात."

कांचन कशावर तरी हसत होती. आता हसू आवरून तिने विचारलं, "गोळी घेतलीत का?"

नवऱ्यासाठी गोळीची चौकशी आणि मित्रासाठी हसू. हेमचंद्रांनी पलीकडचा कागद ओढला. त्यावर नदीकाठची लाकडी माडी होती, दाराशी कंदील आणि खिडकीखाली पाणी.

"आणि हे रे? हे का नाही दाखवत?"

"ते फार नावाजलेलं आहे. सुंदरच आहे. पण खोल्या सगळ्या वर, आणि जिना उभा. धरायला कठडासुद्धा नाही."

"मग? मी अजून रोज तीन मैल चालतो."

"तुमचं नाही म्हणत मी, डॉक्टर."

"मग कुणाचं म्हणतोस?"

नरेंद्रने कांचनकडे पाहिलं. पापणी लवेपर्यंतच, पण पाहिलं. कांचन टेबलाला हात टेकून उठली. "चहा टाकते," म्हणाली.

ती नजर हेमचंद्रांच्या मनात रुतून बसली. या दोघांचं काहीतरी आहे जे आपल्याला ठाऊक नाही. वाईट काही असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. तेवढी अक्कल त्यांना होती. पण आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर, आपल्या बायकोबद्दल दुसऱ्याला ठाऊक आणि आपल्याला नाही, हे काही गिळवत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतः ईमेल करून नदीकाठचं रिओकान ठरवून टाकलं आणि जेवताना सांगितलं.

"नदीकडची खोली मिळाली. वरची."

"बरं."

"नुसतं बरं?"

"छान झालं." कांचनने त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाली, "नरेंद्रभावजींना कळवा. ते त्या दुसऱ्यांशी पत्रव्यवहार करताहेत."

"करू दे की. त्याला दुसरा उद्योग काय आहे?"

कांचनने आमटीचं भांडं पुढे सरकवलं. हेमचंद्रांना वाटलं, जिंकलो. पण जिंकल्यावर पोळी गोड लागायला हवी, तशी लागली नाही.

बुधवारी अभ्यासिकेतलं फॅक्सचं मशीन आपोआप घरघरलं. ग्रीन्सबरोला त्यांचा तीस वर्षं हाडांचा दवाखाना होता. तो बंद करताना सामान गेलं, मशीन तेवढं राहिलं. नरेंद्रने जपानी म्हाताऱ्याला त्यांचाच नंबर दिला होता. नरेंद्रच्याच पत्राची प्रत आली होती, आणि त्याच्या एकेका मुद्द्यापुढे कुणीतरी सुरेख, गोल अक्षरात उत्तर लिहिलं होतं.

खोली तळमजल्यावर हवी, बाईंना जिने चढवत नाहीत. पुढे लिहिलं होतं: देऊ. जेवायला जमिनीवर बसता येणार नाही, उंच टेबल-खुर्ची मिळेल का? आमच्या आईची आहे, तीच ठेवू. गाद्या एकावर एक तीन घालाव्यात, म्हणजे उठताना गुडघा फार मुडपावा लागणार नाही. घालू. न्हाणीघरात धरायला कडी? आहे. रश्श्यात मासळीचं पाणी नको, बाई शाकाहारी आहेत. समुद्री शेवाळाचं करू. आणि शेवटी: शक्यतो कोपऱ्यातली खोली द्यावी, भिंती कागदाच्या आहेत आणि यजमान फार घोरतात. त्यापुढे म्हाताऱ्याने हसरा चेहरा काढला होता.

हेमचंद्रांचे कान तापले. घोरण्याचं एक वेळ जाऊ दे. माझ्या बायकोचा गुडघा हा नरेंद्र मोजतो? फोन करून चांगलं सुनवावं म्हणून ते उठले आणि खिडकीतून त्यांना कांचन दिसली. पत्रपेटीतून टपाल काढून ती परत येत होती. दाराशी दोनच पायऱ्या. तिने कठडा धरला, डावा पाय वर ठेवला, उजवा त्याच्या शेजारी आणला आणि थांबली. मग पुन्हा डावा.

अशी चाल त्यांनी जन्मभर पाहिली होती. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईतो कुठला गुडघा आणि कुठली बाजू ते त्यांना कळायचं. उजवा, आतली बाजू. बरंच झिजलेलं.

कांचन आत आली तेव्हा ते फॅक्स घेऊन उभेच होते.

"किती दिवस झाले?"

तिने कागद पाहिला. "दोन वर्षं झाली."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वजन कमी कर."

हेमचंद्रांना ते आठवलं. पेपर वाचता वाचता म्हणाले होते.

"आणि नरेंद्रला कसं सांगितलंस?"

"त्यांना कुठे सांगितलं? त्यांनी विचारलं. गणपतीला मी आरतीपुरती उभी राहिले आणि मग खुर्ची घेतली, तेव्हा."

"आणि त्या चपला?"

"बाहेर पडताना वळवायला वाकलं की कळ येते. भावजी आल्यावर आपल्या बुटांबरोबर माझ्याही करून ठेवतात." टपाल टेबलावर ठेवून ती खुर्चीत टेकली. "आता यावरून भांडायचं असेल तर बसून भांडा. मला उभं राहवत नाही."

ते भांडले नाहीत. खाली बसून त्यांनी तिचा गुडघा दोन्ही हातांत घेतला, दाबून, हलवून पाहिला. कुठे दुखतं, जिन्यावर जास्त की उठताना, सगळं विचारलं. ती हसून म्हणाली, "फी किती घेणार?" पण डोळे पुसले.

नदीकाठची खोली त्यांनी त्याच दिवशी कॅन्सल केली. राहता राहिलं म्हाताऱ्याच्या फॅक्सला होकार देणं. सही केली की झालं. पण पेन हातात घेऊन ते अर्धा तास बसून राहिले. नरेंद्रच्या यादीवर मुकाट्याने सही करायची? तिच्याबद्दल नरेंद्रला ठाऊक नाही असं मला ठाऊक असलेलं एक तरी काही असेल की नाही? आवडीचा रंग लिहावा तर तो आठवेना. उशी जाड लागते की पातळ? तेही सांगता येईना. मग त्यांना कपबशीचा आवाज आठवला. चाळीस वर्षं त्या आवाजाने त्यांची पहाटेची झोप मोडत होती आणि चाळीस वर्षं ते त्यावरून कुरकुरत होते. त्यांनी यादीखाली ठळक अक्षरात लिहिलं: पहाटे साडेचारला बाई एकट्या बसून चहा पितात. काळा चहा आणि दूध खोलीत ठेवावं. हिरवा चहा चालणार नाही.

शनिवारी तो कागद त्यांनी नरेंद्रच्या पुढ्यात सरकवला. नरेंद्रने वाचला. शेवटच्या ओळीवर थांबला.

"साडेचारला? वहिनी, इतक्या पहाटे?"

"लग्न झाल्यापासून," उत्तर हेमचंद्रांनीच दिलं. "तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही हो."

हेमचंद्रांनी स्वतःच्या हाताने त्याच्या कपात चहा ओतला, चांगला काठोकाठ.

चहानंतर तिघं तळ्याकडे फिरायला निघाले. दारात पोचताच हेमचंद्रांना आठवलं, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा त्या चपला तिच्या पायापुढे सरकवायला घाईघाईने वाकले. नरेंद्रही सवयीने वाकला होता. दोन पांढरी डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली.

"सोड रे," हेमचंद्र म्हणाले.

"अहो, मी करतो. तुमची कंबर धरेल."

"माझी कंबर मी बघून घेईन."

"एकेक घ्या दोघं," भिंतीला टेकून कांचन म्हणाली. "आणि लवकर घ्या. माझा गुडघा वाट बघतोय."

हेमचंद्रांच्या हाती उजवी लागली. ती तिच्या पायापुढे नीट लावून ते गुडघ्यावर हात देत उठले, आणि नरेंद्रने डावी कशी लावली ते वाकून पाहू लागले.