पेंढ्याचं रेडकू

सोमवार होता, आणि रंकाळ्यापलीकडच्या गोपाळबुवांच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर एक मेलेलं रेडकू उभं होतं. रेडकू मेलं की म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करायचं, ही इथली जुनी रीत. नवल पुढंच होतं. भक्तांनी घागरी ओतल्या की केस अंगाला चिकटायचे, शिवण दिसायची. मग बुवा ते घेऊन एकटेच आतल्या खोलीत जायचे, बाहेरून कुलूप लागायचं, भजन सुरू व्हायचं. भजन संपून दार उघडलं की रेडकू कोरडं ठणठणीत, केस मऊ, फुललेले, आईनं नुकतंच चाटून काढल्यासारखे.

“अदृश्य माता येती, चाटती,” बुवा सांगायचे. “आत जीव हाय म्हणून केस फुलतंय. मेलेल्याचं असं फुलतंय व्हय? सांगा की, पावणं.” पावणे मुकाट मान हलवायचे. शंका विचारायला जीभ लागते, ती सगळ्यांनी चपलांबरोबर बाहेरच ठेवलेली.

रेडकू गर्दीत पुढं बसलेल्या वर्षाराणीच्या सासऱ्यांच्या, हंबीररावांच्या गोठ्यातलं, म्हणून दाराला कुलूप लावायचा मानही त्यांचाच. ते मेलं त्याच आठवड्यात तिचा तान्हा ऋतुराज न्युमोनियानं गेला. बुवांनी दोन्ही टोकं बरोबर जुळवली. पोराचा जीव रेडकात उतरलाय, तो पुन्हा पोटी यायचा असेल तर थोरल्या बहिणीनं कायमचं मठाच्या सेवेत राहावं. थोरली म्हणजे सहा वर्षांची निशिगंधा. आज दर्शन झालं की तिला इथंच ठेवायचं होतं. तिचे फ्रॉक पिशवीत भरून आणले होते.

बुवा रेडकू घेऊन आत गेले होते, आणि भजनानं भिंती थरथरत होत्या. मागच्या सोमवारी वर्षाराणीनं रेडकाला कुशीत घेतलं होतं, तेव्हा पोराच्या जावळाचा भास होऊन ती ढसाढसा रडली होती. पण लेकरू होण्याआधी ती ब्युटी पार्लर चालवायची. रेडकाच्या कानामागचे केस तिच्या बोटांना राठ, आखडलेले लागले होते. ड्रायर फार जवळ धरला की केस असेच करपतात. बोटांनी ओळखलं होतं, मनाला मानायचं नव्हतं. तेव्हापासून गोठ्यातून कुणी हाक मारतंय असं वाटून ती झोपेतून दचकून उठत होती.

निशिगंधानं तिचा पदर धरला. “आई, मला न्यायला कधी येणार?”

वर्षाराणी उठली आणि तिनं सरळ स्पीकरची वायर ओढली. टाळकरी गोंधळून थांबले. बंद दाराआडून एकसुरी घूंऽऽ असा आवाज येत होता. “माता आली,” कुणीतरी पुटपुटलं. सगळ्यांच्या अंगावर काटा आला, तिच्याही.

“मामा,” ती सासऱ्यांकडं वळली, “किल्ली तुमच्या खिशात हाय. दार उघडा.”

“समाधी मोडंल, पोरी,” हंबीरराव म्हणाले.

“मोडू दे. नात द्यायला निघालाय, दार तरी उघडा की.”

त्यांनी कुलूप काढलं. आत बुवा उकिडवे बसलेले, एका हातात हेअर ड्रायर, दुसऱ्यात ब्रश. रेडकू अर्धं ओलं आणि गळाठलेलं, अर्धं जिवंत.

“यंत्र माझं, पण वारा मातेचा,” बुवा सावरून म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं.

वर्षाराणीनं ड्रायर काढून घेतला. ब्रश केसांच्या उलट्या दिशेनं, मुळाशी गरम वारा, मग सुलट हात. ओली बाजू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुलत गेली. एका म्हातारीनं हात जोडले.

“आजी, हात जोडू नका. ह्यो माझा हात हाय, मातेचा न्हाय. ओला केस वाऱ्यानं मुळातनं उभा ऱ्हातो, मेलेला असला तरी.” तिनं ब्रश खाली ठेवला. “माझं लेकरू न्युमोनियानं गेलं. ते परत येणार न्हाय. कोण आणतो म्हणाला, तर तो दार लावून काय करतोय ते आधी बघा. आन् बदल्यात काय मागतोय ते बी.”

तिनं ड्रायर बंद केला. रेडकाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. पाठ अजून ऊबदार होती. ती ऊब कशाची, हे तिला ठाऊक होतं, तरी हात निघेना. शेवटी तिनं तो काढला आणि निशिगंधाचं बोट धरून तिला घरी नेलं.