ओढ

गांडूळ रेणुकादासच्या बोटांतून निसटलं तसा नासिरचा हात आपोआप पुढे आला.

"राहू दे," रेणुकादास म्हणाला. "मी लावतो."

त्याने चाचपडत डबीतून दुसरं गांडूळ काढलं. गळ अंगठ्यात रुतला. रक्त चोखून त्याने पुन्हा प्रयत्न केला, मग काठी मागे नेऊन दोरी तलावात फेकली. पाण्यावर टपकन आवाज आला, तेव्हा कुठे तो दगडावर बसला.

काचबिंदूने दोन्ही डोळे नेले त्याला आता दोन वर्षं होत आली होती. त्याआधी नांदेडच्या शाळेतली नोकरी सांभाळून तो नासिरबरोबर लोह्याकडच्या लहान तलावांवर यायचा. शनिवारी तंबू ठोकायचा, रविवारी परतायचं. तो स्वतः मासे खात नसे. मिळेल ते नासिरच्या घरी जायचं. त्याला हवी असायची ती दोरीला बसणारी ओढ. या वेळी त्यानेच फोन करकरून नासिरला घड्याळांचं दुकान बंद ठेवायला लावलं होतं.

ऊन कललं तरी दोरी हलली नाही.

"चल, चहा टाकतो," नासिर म्हणाला.

"तू टाक. मी बसतो."

नासिर तंबूकडे गेला. थोड्या वेळाने दोरीला हिसका बसला. रेणुकादास ताडकन उठून रीळ फिरवू लागला. आणखी दोन हिसके बसले. मग एक जड ओझं मुकाट्याने काठापर्यंत आलं. त्याने वाकून मासा उचलला. रोहू होता, चांगला मोठा.

"लई मोठा घावला की!" नासिरचा आवाज पाण्याच्या बाजूने आला.

रेणुकादासचा हात कल्ल्यांपाशी थांबला होता.

"बर्फातला आहे. कुठून आणलास?"

नासिरच्या पँटचं पाणी काठावरच्या दगडांवर ठिबकत राहिलं.

"लोह्याच्या बाजारातून," शेवटी तो म्हणाला. "तू गाडीत बसला होतास तवा. रिकामा परत जाऊ नये म्हणलं, यार."

रेणुकादासने मासा त्याच्या हातात दिला.

"तुझ्या जेवणाची सोय झाली. उद्या टेकडीपलीकडच्या तलावावर जाऊ."

"तिकडं उतार लई वंगाळ हाय."

"खांदा दे. तेवढाच घेईन."

सकाळी उतरताना तो एकदा घसरला. गुडघा खरचटला. नासिरने चाल कमी केली.

ऊन चांगलंच तापल्यावर दोरी ताणली गेली. सरळ नाही, तिरकी, बेशरमाच्या झुडपांकडे. रेणुकादास उठला, पण रिळाला हात लावला नाही.

"नासिर, कुठं आहेस?"

"हितं, चुलीपाशी," मागून, उंचावरून आवाज आला. "पाय कोरडे हायत. अल्ला कसम."

मग रेणुकादासने रीळ फिरवलं. दोरी निसटत होती, तो आवळत होता, पुन्हा सोडत होता. अखेर एक मरळ त्याच्या पायांपाशी येऊन आपटली. गुडघे टेकून त्याने ती दोन्ही हातांनी दाबून धरली. तिच्या धडपडीने त्याची मनगटं हादरत होती.

नासिर धावत खाली आला आणि दोन हात अंतरावर थांबला. मरळ जेमतेम वीतभर होती.

"केवढी हाय रे?" त्याने विचारलं.

"थांब," रेणुकादास धापा टाकत म्हणाला. "बघतो."